येलेना पोलेनोवा यांच्या वळणाने लोककथेचे जलरंगचित्र कसे करावे

लोककथेवर चित्र काढायला बसले की बहुतेकांचा हात आधी राजपुत्राकडे किंवा चेटकिणीकडे वळतो आणि झाडे, गवत, आकाश हे सगळे उरलेल्या जागेत कसेबसे भरले जाते. रशियन चित्रकार येलेना पोलेनोवा (१८५०–१८९८) यांची कथाचित्रे पाहताना मला नेमका उलटा क्रम जाणवतो. आधी जमीन उभी राहते, तिथला ओलावा, शेवाळ आणि पायवाट दिसू लागते, आणि मग पात्र त्या जमिनीतूनच उगवल्यासारखे येते. पुढे सांगितलेली पद्धत याच क्रमावर बेतलेली आहे आणि घरच्या घरी, एका कागदावर, दोन-तीन बैठकांत ती करून पाहता येईल.

हा क्रम त्यांना सहज साधला, याची कारणे त्यांच्या कामात सापडतात. मॉस्कोच्या ईशान्येस सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अब्रामत्सेवो येथे, कलावंतांना आश्रय देणाऱ्या मामोंतोव कुटुंबाच्या वाडीत, १८८५ मध्ये लाकूडकामाची कर्मशाळा सुरू झाली आणि तिची कलाविषयक धुरा पोलेनोवा यांनी सांभाळली. त्यासाठी त्या आसपासच्या खेड्यांत हिंडून घरगुती वापराच्या कोरीव वस्तू गोळा करत आणि त्यांवरची नक्षी वहीत उतरवून घेत. त्याच काळात त्या जलरंगांत रानफुले, झुडपे आणि जंगलाचे कोपरे रंगवत होत्या. म्हणजे कथा हातात घेण्याआधीच कथेतले घर आणि कथेतले रान, दोन्ही त्यांच्या वहीत होते.

चित्रासाठी कथा निवडताना लहानपणी ऐकलेली, कोणाच्या तरी आवाजात अजून आठवणारी कथा घ्यावी. पोलेनोवा यांनी ‘अळंब्यांची लढाई’ ही कथा लहानपणी आजीकडून ऐकली होती. ओकच्या झाडाखाली बसलेली बोरोविक नावाची जाड देठाची तपकिरी अळंबी सेनापतीच्या थाटात बाकीच्यांना लढाईला बोलावते. एक जात म्हणते, आम्ही खानदानी, आम्ही येणार नाही. दुसरी म्हणते, आमचे पाय फार बारीक. शेवटी ग्रुझ्दी नावाच्या अळंब्या एकजुटीने निघतात. ही कथा ऐकताना जंगलात कुठेतरी वसलेले इवलेसे मठ आणि नगरे आपल्या डोळ्यांपुढे येत, कारण त्या वयात मठ आणि नगर याहून भव्य इमारत आपल्याला ठाऊकच नव्हती, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहिले आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आपणही कागदाला हात लावण्यापूर्वी कथा ऐकताना आपल्याला काय दिसले होते ते चार ओळींत लिहून काढावे. ते चुकीचे किंवा विसंगत असले तरी तेच ठेवावे.

यानंतरची पायरी बाहेरची आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, कुजक्या ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात; त्या खुडू नयेत, त्यांच्यासमोर जमिनीवर बसावे आणि डोळे त्यांच्या टोपीच्या पातळीवर आणावेत. या उंचीवरून पाहिले की गवताचे पाते झाडाएवढे होते, टोपीखालच्या पातळ पडद्यांच्या रांगा छपराच्या वाशांसारख्या दिसू लागतात आणि देठ जमिनीतून निघतो तिथे मातीचा लहानसा उंचवटा आढळतो. हा उंचवटा रेखाटनात आला नाही, तर अळंबी कागदावर चिकटवल्यासारखी दिसते. पेन्सिलीची पाच-सहा छोटी रेखाटने पुरेत, मात्र ती प्रत्यक्ष पाहूनच करावीत.

रंगवायला बसण्यापूर्वी शैलीचा निर्णय घ्यावा, कारण पोलेनोवा यांच्या चित्रांत दोन वेगळ्या वाटा आहेत. अब्रामत्सेवोच्या काळातील चित्रांत निसर्ग बारकाईने, पारदर्शक रंगांच्या थरांनी येतो. १८८९ मध्ये त्या रशियातल्या कोस्त्रोमा प्रांतात जाऊन आल्या आणि त्यानंतरच्या ‘सिन्को-फिलिप्को’सारख्या कथांच्या चित्रांत ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग आणि नक्षीचा तोल आला. एकाच कागदावर दोन्ही करू गेल्यास सपाट भाग अर्धवट राहिल्यासारखे वाटतात. नवशिक्याने पहिली वाट धरावी, असे मी सुचवेन, कारण तिथे रेषा चुकली तरी रंग सांभाळून घेतो.

दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, किंचित खरखरीत जलरंगाचा कागद फळीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवावा. एच पेन्सिलीने हलके रेखाटन करावे आणि त्यात क्षितिज कागदाच्या वरच्या चौथ्या भागात ठेवावे, म्हणजे उरलेली तीन हिस्से जागा जमिनीला मिळते. पहिला हात सगळ्या जमिनीवर एकसंध द्यावा: यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) भरपूर पाणी आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). अळंब्यांच्या टोप्यांवर जिथे उजेड पडतो तेवढी जागा मात्र कोरडी सोडावी, कारण कागदाचा पांढरा एकदा गेला की त्याच तेजाने परत मिळत नाही.

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती हिरव्यात. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ट्यूबमधला तयार हिरवा जसाच्या तसा वापरला, तो अजून ओला असतानाच वर तपकिरी दिला आणि सगळे शेवाळ चिखलाच्या रंगाचे झाले. उत्तरेकडच्या जंगलाचा दबलेला हिरवा हवा असेल, तर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पिवळा एकत्र करून त्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाकावा. एक थर पूर्ण वाळू द्यावा. हाताची मागची बाजू कागदाला लावल्यावर गारवा लागला, तर तो अजून ओला आहे असे समजावे. तीन थरांच्या पुढे जाऊ नये.

पात्रे आता रंगवावीत. त्यांना माणसाचे डोळे-नाक देण्याचा मोह आवरावा. सेनापतीचा रुबाब टोपीच्या कलण्यात आणि जाड देठात आणता येतो, बारीक पायांची तक्रार लांबट देठांत दिसते. मागे घर किंवा मठ हवा असेल, तर त्यावरची नक्षी खऱ्या जुन्या कोरीव लाकडावरून घ्यावी, कल्पनेने वेलबुट्टी काढू नये.

शेवटी अक्षरे. ‘अळंब्यांची लढाई’ १८८९ मध्ये छापली गेली आणि पोलेनोवा यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आलेली ही त्यांची एकच कथा. बाकीच्या कथांपैकी अनेक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ‘अळंब्यांची लढाई’च्या पुस्तकात मजकूरही त्यांनी जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात चित्राबरोबरच बसवला होता. आपणही कथेतली एकच ओळ निवडावी, तिच्यासाठी खालची पट्टी सुरुवातीपासून कोरी ठेवावी आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईने बोरूने लिहावी. शिरोरेघेची जाडी चित्रातल्या सर्वांत जाड फांदीएवढी ठेवली, तर अक्षर आणि चित्र एका हातचे वाटते. शाई वाळल्यावर पेन्सिलीच्या खुणा खोडून टेप कागदापासून दूर, तिरकी ओढत सावकाश काढावी.