मानेचा वरचा सांधा सैल असलेल्या लहान जातीच्या पिल्लाची घरी घ्यायची काळजी

पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये मणक्याचा एक जन्मजात दोष आढळतो, आणि जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार येथे अशी पिल्ले हौसेने पाळली जाऊ लागल्यापासून तो आपल्याकडच्या घरांतही दिसू लागला आहे. कुत्र्याच्या मानेत सात मणके असतात. त्यांपैकी पहिल्या दोन मणक्यांमध्ये इतर मणक्यांसारखी गादी नसते. दुसऱ्या मणक्याची हाडाची एक खुंटी पहिल्या मणक्याच्या कड्यात बसलेली असते आणि अस्थिबंध तिला जागेवर धरून ठेवतात. ही खुंटी जन्मतः आखूड असली, तयारच झालेली नसली किंवा अस्थिबंध कमकुवत असले, तर मान खाली वाकताच दुसरा मणका वर सरकतो आणि मज्जारज्जूवर दाब येतो. पशुवैद्य या दोषाला अ‍ॅटलँटो-अ‍ॅक्सियल इन्स्टॅबिलिटी म्हणतात. बहुतेक पिल्लांमध्ये त्याची लक्षणे पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसतात, आणि पुष्कळदा निमित्त अगदी किरकोळ असते: ओट्यावरून मारलेली उडी, मुलाच्या हातून निसटणे, गळ्यातल्या पट्ट्याला बसलेला हिसका.

पुढचे सगळे मार्गदर्शन एकाच गोष्टीवर उभे आहे. पिल्लाची मान खाली वाकता कामा नये, पिरगळता कामा नये आणि तिला हिसका बसता कामा नये. औषध चालू असो, मानेला आधारपट्टा बांधलेला असो की शस्त्रक्रिया झालेली असो, घरातील माणसांची दिवसभराची शिस्त सैल असेल तर त्यांपैकी कशाचाही पुरेसा उपयोग होत नाही.

संशय कधी घ्यावा

पिल्लू डोके खाली धरून, मान ताठ ठेवून चालते. वर पाहायचे असेल तर मान न उचलता केवळ डोळे फिरवते. उचलताना किंवा डोक्यावरून हात फिरवताना एकाएकी किंचाळते. पुढे चाल डुलू लागते, पावलाची वरची बाजू जमिनीवर घासते, पाय एकमेकांत अडकतात. दोष वाढला तर चारही पाय लुळे पडतात, आणि दाब फार असेल तर श्वासाचे स्नायूही निकामी होऊन पिल्लू दगावते. म्हणून नुसते किंचाळणेही हलक्यावारी नेऊ नये.

येथे एक गोंधळ होण्याची शक्यता असते. एक-दोन किलो वजनाच्या पिल्लाने काही तास खाल्ले नाही तर त्याच्या रक्तातील साखर उतरते, आणि त्यामुळेही ते थरथरते, लडखडते, सुस्त पडते. अशा वेळी थोडे ग्लुकोजचे पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना लावावा. काही मिनिटांत पिल्लू सावरले तर कारण बहुधा साखरेचे असते. तरीही डॉक्टरांना दाखवणे टाळू नये, कारण दोन्ही त्रास एकाच पिल्लात असू शकतात.

मणक्याचा संशय आल्यास पिल्लाला काखेत धरून मोटारसायकलवर नेऊ नये. पोळपाटापेक्षा थोडी मोठी सपाट फळी किंवा जाड पुठ्ठा घ्यावा, त्यावर टॉवेल पसरावा, पिल्लाला कुशीवर तसेच सरकवून ठेवावे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात. डोके दाबून धरू नये, कारण पिल्लू सुटण्यासाठी जितकी धडपड करील तितका धोका वाढतो.

गावात हाड बसवणारे जाणकार असतात आणि माणसाचा किंवा बैलाचा मुरगळलेला पाय त्यांच्याकडे नेण्याची रीत खान्देशात आजही आहे. या पिल्लाला मात्र त्यांच्याकडे अजिबात नेऊ नये. तेल लावून मान चोळणे, ओढणे, ‘मोकळी करणे’ यांपैकी कोणताही उपाय येथे जीवघेणा ठरू शकतो.

निदान आणि डॉक्टरांची निवड

आपल्या भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्यावर खर्च होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यामुळे केवळ कुत्र्यामांजरांवर उपचार करणारे डॉक्टर जवळच्या शहरात कोण आहेत, हे आधीच विचारून ठेवावे. एका बाजूने काढलेल्या साध्या क्ष-किरण चित्रातही पहिल्या दोन मणक्यांमधील वाढलेले अंतर पुष्कळदा दिसते. चित्र काढताना मान मुद्दाम वाकवू नये, ही विनंती मालकाने स्वतः करावी. भूल दिल्यावर मानेचे स्नायू सैल पडतात आणि त्यांचे नैसर्गिक संरक्षणही तेवढ्या वेळापुरते नाहीसे होते. दोष नेमका केवढा आहे आणि मज्जारज्जूला कितपत इजा झाली आहे, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो, आणि त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागण्याची तयारी ठेवावी. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे; तेथे किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी क्ष-किरण चित्र फोनवरून पाठवून, मणक्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन कोणत्या दिवशी भेटतील याची खात्री करून घ्यावी, म्हणजे पिल्लाला एवढा लांबचा प्रवास दोनदा घडणार नाही.

प्रवास शक्यतो चारचाकीनेच करावा. रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम श्रेणीत संपूर्ण कूपे आरक्षित केला तर कुत्रे सोबत नेता येते. तसे नसेल तर त्याला ब्रेक व्हॅनमधील पेटीत ठेवावे लागते, आणि मानेचा दोष असलेल्या पिल्लासाठी ती पेटी योग्य नाही. गाडीत पिल्लाची पेटी मागच्या आसनावर पट्ट्याने बांधावी, शेजारी एक माणूस बसवावा आणि गतिरोधकांवर वेग अगदी कमी ठेवण्यास चालकाला निघतानाच सांगावे. उन्हाळ्यात पहाटे निघावे.

बंदिस्त जागा

शस्त्रक्रिया न करता उपचार करायचे ठरले तर साधारणपणे आठ ते बारा आठवडे पिल्लाला अगदी लहान जागेत ठेवावे लागते. या काळात सांध्याभोवती घट्ट ऊती तयार होऊन तो स्थिरावावा, अशी अपेक्षा असते. जागा एवढीच असावी की पिल्लाला उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून निजता येईल. धावता किंवा उडी मारता येऊ नये. एक पूर्ण खोली म्हणजे विश्रांती नव्हे.

केळी आणि भाजीपाला वाहण्याचे प्लॅस्टिक क्रेट आपल्याकडे सहज मिळतात आणि पुष्कळजण तेच वापरतात. ते स्वस्त असतात, धुता येतात, हवाही खेळती राहते; परंतु त्यांचे तोंड वर असते, त्यामुळे माणूस आला की पिल्लू कडेवर पुढचे पाय टेकवून मान ताणते आणि प्रत्येक वेळी त्याला वरूनच उचलावे लागते. समोरून उघडणारा पिंजरा म्हणूनच जास्त चांगला. क्रेटच वापरायचा असेल तर तो आडवा ठेवून समोर जाळीचे दार बांधावे.

आपल्या घरांतील शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत टाइल्स अशा पिल्लाच्या शत्रूच आहेत. आत आधी रेक्झीन, त्यावर घट्ट बसणारी रबरी चटई आणि वर धुण्याजोगी जाड गोधडी अशी रचना करावी. गोधडीला सुरकुत्या पडू देऊ नयेत आणि सुटे दोरे कापून टाकावेत, कारण नखे त्यांत अडकली की पिल्लू मान झटकते.

वेदनाशामक औषध लागू पडल्यानंतरचे दिवस सर्वांत फसवे असतात. दुखणे थांबलेले पिल्लू खेळू पाहते, घरातील सगळ्यांना ते बरे झाले असे वाटते आणि कोणी तरी दार उघडते. पिल्लू खेळकर दिसू लागले की बंदोबस्त अधिक कडक करावा, ही गोष्ट घरातील आजीपासून लहान मुलापर्यंत प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगावी. पाहुणे आले तर पिंजऱ्यावर चादर टाकावी. फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा घराच्या आतल्या, शांत खोलीत हलवावा.

उचलणे, भरवणे आणि बोलणे

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून पाठ, मान आणि डोके एका रेषेत ठेवावे. बगलेत धरून लोंबकळत उचलू नये आणि मानगूट तर कधीच धरू नये. घरातील दोनच माणसांनी हे काम शिकून घ्यावे. बाकीच्यांनी पिल्लू उचलूच नये.

वाटी जमिनीवर ठेवली की पिल्लू खाण्यासाठी मान वाकवते, म्हणून अन्न आणि पाणी छातीच्या उंचीवर, पालथ्या भांड्यावर किंवा विटेवर ठेवलेल्या पसरट वाटीत द्यावे. दिवसातून चार वेळा थोडे थोडे भरवावे. पाय लुळे असतील तर आधी पोटावर, छाती जमिनीला टेकेल असे बसवून मगच भरवावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे, अन्यथा घास श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. घरचे अन्न द्यायचे असल्यास मऊ भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी चालते. भरीत, शेवभाजी किंवा कांद्या-लसणाची फोडणी असलेले काहीही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. द्राक्षे आणि मनुकाही वर्ज्य आहेत.

पिल्लाशी बोलायचे असेल तर आधी जमिनीवर बसावे. उभ्या माणसाने हाक मारली की पिल्लू मान वर उचलते, शेपटी हलवते आणि सगळे अंग घुसळते. ओढाओढीची खेळणी देऊ नयेत.

औषध, पट्टा आणि लघवी

माणसांसाठी आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडा मोडून कुत्र्याला देऊ नये. एवढ्याशा पिल्लाला तो विषासमान ठरू शकतो. मेलॉक्सिकॅमसारखे दाहशामक औषध आणि स्टेरॉइड एकाच वेळी चालू नसावे, कारण त्यामुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. डॉक्टर बदलले तर आधी कोणते औषध दिले होते, ही चिठ्ठी नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवावी.

मानेचा आधारपट्टा डॉक्टरांनीच बांधावा. तो जबड्यापासून छातीपर्यंत पोहोचतो. केवळ मानेभोवती गुंडाळलेली पट्टी उपयोगाची नसते, उलट तिच्या कडेवर मान वाकते. घरी रोज जबड्याखालची, कानामागची आणि काखेतील त्वचा पाहावी. दुर्गंधी येणे, पट्टा ओला होणे, लाळ गळणे, गिळताना अडणे किंवा श्वासाचा आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

पाय लुळे असलेल्या पिल्लाची लघवी थेंब थेंब गळत असेल तर ते लघवी करत आहे, असे समजू नये. पुष्कळदा मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असते. ते दोन्ही बाजूंनी तळहाताच्या सपाट भागाने हळूहळू दाबून रिकामे करावे लागते, दिवसातून किमान तीन ते चार वेळा. हे कौशल्य वाचून येत नाही. डॉक्टरांच्या समोर स्वतःच्या हाताने करून दाखवावे आणि चुकत असेल तर पुन्हा शिकावे. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली तर जंतुसंसर्गाची तपासणी करावी. निजून असलेल्या पिल्लाची कूस साधारण चार तासांनी बदलावी, अंग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे.

खान्देशातील उन्हाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पट्टा बांधलेल्या, हलू न शकणाऱ्या पिल्लाला स्वतःहून सावलीत सरकता येत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करते, आणि जबड्याखालचा पट्टा नेमकी तीच क्रिया अवघड करतो. आपल्याकडे हवा कोरडी असल्याने कूलर चांगला चालतो, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये, कारण त्या दमटपणाने पट्ट्याखालचा कापूस ओलसर होतो. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर आधीच पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवावा. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले तर पोट आणि पावले साध्या पाण्याच्या फडक्याने ओली करावीत, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. बर्फ वापरू नये.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे आयुष्य

पट्टा काढल्यावर लक्षणे पुन्हा दिसली, किंवा सुरुवातीलाच पाय फार कमकुवत असतील, तर सर्जन सहसा मानेच्या खालच्या बाजूने सांधा उघडून बारीक स्क्रू, तारा आणि हाडाचे सिमेंट यांनी तो पक्का करतात. अगदी कोवळ्या पिल्लाच्या हाडांत स्क्रू धरत नाहीत, म्हणून काही वेळा ते थोडे वाढेपर्यंत पट्ट्यावर काढण्याचा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेत आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत श्वास थांबण्याचा धोका असतो, हे सर्जनने स्पष्ट सांगितले नाही तर मालकाने विचारावे. खर्च मोठा असतो. त्याचा हिशेब आणि पुढील तीन महिने दिवसभर घरी कोण थांबणार याचा हिशेब एकाच बैठकीत करावा. माझ्या मते दुसरा हिशेब जमत नसेल तर पहिल्याला फारसा अर्थ नाही.

चारही पाय गेले, वेदना औषधाला दाद देत नाही आणि श्वासही कष्टाने चालतो, अशा अवस्थेत डॉक्टरांनी वेदनारहित मृत्यूचा पर्याय मांडला तर तो ऐकून घ्यावा. असा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना अधिकार नाही.

सावरलेल्या पिल्लाला गळ्यात पट्टा कायमचा बंद. फिरवण्यासाठी छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. जिना, बाज, सोफा यांवर स्वतः चढू-उतरू देऊ नये आणि वजन वाढू देऊ नये. हा दोष असलेल्या कुत्र्याचे प्रजनन करू नये. ज्याच्याकडून पिल्लू घेतले त्यालाही निदानाची लेखी माहिती द्यावी. नसबंदी, दात साफ करणे किंवा अन्य कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर श्वासनलिकेत नळी घालताना मान वाकवू नये, असे पिल्लाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवावे.