पाण्यावरची चित्रपटमालिका: पोस्टर छापण्याआधीची तयारी

खान्देशातल्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाच्या विभागाने पाणी आणि पर्यावरणावर चित्रपटमालिका ठरवली, की सगळ्यात आधी चित्रपट दाखवण्याची लेखी परवानगी हाती हवी. ओटीटीची वर्गणी भरली किंवा डीव्हीडी विकत घेतली म्हणून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षणसंस्थेला सवलत देतं. बाहेरच्या शेतकऱ्यांना बोलावलं की ती सवलत लागू होत नाही. शेतकऱ्यांशिवाय ही मालिका करण्यात अर्थ नाही, म्हणून चित्रपटाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला (बहुधा निर्मात्याला) दोन महिने आधी पत्र पाठवा आणि त्यातच सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

चित्रपट चारच निवडा, पण प्रत्येकाला इथलं पाणी जोडा. विस्थापनाच्या चित्रपटासोबत सरदार सरोवराच्या बुडितातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं, भूजलासोबत रावेर-यावलचा केळीपट्टा, वाळूउपशासोबत गिरणा, पाणीवाटपासोबत पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याची जुनी रीत. फडाच्या दिवशी प्राध्यापकाच्या शेजारची खुर्ची पाटकऱ्याची, म्हणजे शेतांना पाटाचं पाणी देणाऱ्या माणसाची. भूजलाच्या दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने जवळपासच्या निरीक्षण विहिरींत ऑक्टोबर आणि मे महिन्यांत नोंदलेली पातळी मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावा. बोलणं त्या आकड्यांवरून सुरू होतं.

तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पुढे परीक्षा आणि ऊन. ज्या आठवड्यात गावाच्या शेती फीडरला (शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) रात्रीची वीज असते, तेव्हा शेतकरी संध्याकाळीच रब्बीला पाणी द्यायला निघतो. त्यामुळे आधी वायरमनला विचारा, मग तारीख ठरवा. वेळ शेवटच्या एसटीवरून मागे मोजा: तासाभराचा चित्रपट, अर्धा तास चर्चा, बसस्थानकापर्यंतचा वेळ. दीपप्रज्वलन आणि सत्कार मिळून पाच मिनिटं, नाहीतर चर्चेची वेळ त्यातच जाते.

आता फाइल, कारण खेळ सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो इथे. एमपी४ प्रकारची, एच २६४ कोडेकची, १०८० रिझोल्यूशनची फाइल मागवा आणि सोबत स्टीरिओ आवाजाची प्रत आवर्जून मागा. ५.१ (सहा चॅनेलच्या) आवाजाच्या फाइलमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. सभागृहाच्या मिक्सरपर्यंत डावा-उजवा एवढेच चॅनेल पोहोचले तर नदीचा खळाळ ऐकू येतो आणि माणूस मुका दिसतो. ४ जीबीहून मोठी फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बसत नाही, ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये करून घ्या. यूट्यूबच्या लिंकवर विसंबू नका.

सबटायटल मराठीत हवीत; नंदुरबारच्या प्रेक्षकांसाठी भिलीत किंवा पावरीत निवेदन करणारा माणूस त्याहून बरा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सबटायटल पडद्यावर अर्थहीन अक्षरं होऊन येतात. ती युनिकोडमध्ये टाइप करून यूटीएफ-८ मध्ये साठवा. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली सबटायटल २४ फ्रेमच्या चित्रपटाला लावली, तर ९० मिनिटांच्या चित्रपटाच्या शेवटी साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. सुरुवातीला तो जाणवत नाही, म्हणून तपासताना शेवटची दहा मिनिटंही बघा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे सबटायटल झाकली जातात.

बारा फूट रुंद पडद्याला चार ते पाच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर लागतो. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो अठरा फुटांवर येईल. तिथे टेबल आणि वीज आहे का ते आधीच बघा. हिवाळ्यात दुपारी साडेचारचं तिरपं ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून थेट पडद्यावर येतं, तेव्हा काळं कापड त्याच वेळी लावून बघायचं. वीज अचानक गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपपुरता १ केव्हीएचा यूपीएस ठेवा, ॲम्प्लिफायर त्यावर जोडू नका.

दीडशे माणसांना अर्ध्या लिटरप्रमाणे वीस लिटरचे चार जार आणि स्टीलचे पेले पुरतात. पाण्याच्या चित्रपटाला प्लास्टिकच्या बाटल्या वाटू नयेत. चर्चेला दोन माइक: एक मंचावर, दुसरा बिनतारी, नव्या सेलसह, मागच्या रांगेत फिरणारा. पहिला प्रश्न अहिराणीत आला तर उत्तरही अहिराणीतच देईल असा चर्चेचा सूत्रसंचालक नेमा.