सर्व्हिस क्लब जॉइन करायचाय? मग हे बघा

रोटरी असो, लायन्स असो, समाजसेवेसाठी एकत्र येणाऱ्या अशा कुठल्याही क्लबचा लगेच फॉर्म भरू नका. आधी गेस्ट म्हणून दोन-तीन मीटिंगला जाऊन बसा, लोक कामाबद्दल बोलतात की नुसतं हारतुरे आणि फोटोसेशन चालतं ते लगेच कळतं. फी विचारायला लाजू नका, कारण वर्गणीतला काही भाग डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या विभागाला) आणि इंटरनॅशनलला (म्हणजे जागतिक मुख्य संस्थेला) जातो, वर जेवणाचा, प्रोजेक्टचा खर्च वेगळा असू शकतो.

आत आलात की पहिल्या वर्षी पद घेऊ नका (आग्रह होणारच!), एकच प्रोजेक्ट धरा आणि खुर्च्या लावणं, रक्तदान शिबिरात नावं लिहून घेणं असली कामं स्वतःहून मागून घ्या, ओळखी तिथंच होतात, स्टेजवर नाही. दर वेळी वेगळ्या माणसाशेजारी बसा. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हा मीटिंग आळीपाळीने (रोटेशनने) एकेकाच्या ऑफिसात व्हायची, नाव त्यावरूनच पडलं, म्हणजे एकमेकांकडे जाणं-येणं पहिल्यापासूनच आहे.

धंद्याची कार्डं मात्र पहिल्याच दिवशी वाटत सुटू नका, लोक टाळायला लागतात. आणि यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, शिबिराच्या सकाळी फोन बंद ठेवणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नाही.