बी डब्ल्यू व्हल्पेक्युले: एका कंपनाची तीन शिखरं दिसत असतील तर

हा बीटा सेफी जातीचा, म्हणजे ठरावीक लयीत कंप पावणारा तारा 4 तास 49 मिनिटांत सुमारे 0.2 प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) उजळतो-मंदावतो. माझ्या फूरिये आलेखात (मोजमापांत कोणती लय किती ठळक आहे ते दाखवणाऱ्या) मात्र दिवसाला 3.97, 4.97, 5.97 फेऱ्या अशी तीन सारखीच उंच शिखरं. दर रात्रीची सरासरी वजा केली, आणखी आठ रात्री जोडल्या. काही उपयोग नाही. डोकं फिरायची वेळ आली.

घोळ हा की मी रोज त्याच तीन तासांत मोजत होतो आणि पाच फेऱ्यांनंतर तारा जेमतेम साडेसात मिनिटं उशीर करतो! म्हणजे दोन रात्रींच्या मधे चार, पाच की सहा फेऱ्या झाल्या, हे आलेखाला कळतच नव्हतं.

आधी सगळ्या वेळा सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांकात (सूर्यावरून पाहिल्यासारख्या सलग दिवसगणनेत) बदलल्या. मग एक रात्र सलग सहा तास मोजलं. नंतर इंग्लंडमधल्या मित्राची, वेगळ्या वेळांची मोजमापं, तोच तुलनातारा (ज्याच्याशी तेज ताडून पाहतात तो तारा) धरून, जोडली. पुन्हा फूरिये. 4.974 एकटं उभं. ते वजा करताच 9.948 ही दुप्पट वारंवारताही दिसली.