शिगम्यात फ्लॅश मारला की मागचं सगळं काळं येतंय?
पणजी-फोंड्याला रात्री रोमटामेळाचे (ढोल-ताशांवर नाचत निघणाऱ्या शिगम्याच्या मिरवणुकीचे) फोटो काढताना माणूस पांढराफट्ट आणि मागे काळोख येत असेल तर कॅमेरा बिघडलेला नाही, त्यातला छोटा फ्लॅश जेमतेम 3-4 मीटर पोचतो आणि ऑटोमध्ये शटर सहसा 1/60 सेकंदापेक्षा हळू जात नाही, म्हणून मागच्या लायटिंगचा उजेड फोटोत येतच नाही. स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवणारा मोड) लावा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 800 ते 1600, शटर 1/30 च्या आसपास आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सेटिंग) -1, हे शेवटचं तर नक्कीच करा, नाहीतर चेहरे जळतात. ढोलवाल्यांचे हात थोडे हललेले येतील, मला तर ते आवडतं. लेन्सचा हूड (पुढे लावलेली कडा) काढा, नाहीतर खाली गोल सावली पडते. लांबच्या चित्ररथाला फ्लॅश बंदच ठेवा, त्याचेच दिवे पुरतात.