ऑरॅकलचं पोस्टग्रेस करताना या चुका टाळा

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याची सिस्टीम आम्ही ऑरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणली. रात्री एकही एरर नाही, म्हणून खुशीत घरी गेलो. सकाळी फोन: "पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या) निघाल्यात, पण शेतकऱ्याचं नावच येईना झालंय." आणि तेही काहीजणांचंच.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे || (मजकूर जोडायचं चिन्ह) वापरून जोडलं होतं. ऑरॅकल जोडताना नल, म्हणजे न भरलेली किंमत, सोडून देतं. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खी जोडणी नल. ज्यांच्या वडिलांचं नाव भरलेलं नव्हतं, ते पट्टीवरून गायब. कॉन्कॅट_डब्ल्यूएस हे जोडणीचं फंक्शन वापरा, ते नल गाळतं. पण रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) गाळत नाही, आणि इथंच दुसरी गोम आहे. ऑरॅकल रिकामी स्ट्रिंग नल म्हणूनच साठवतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळं धरतं. म्हणजे जुन्या नोंदी नल, नव्या फॉर्ममधून आलेल्या रिकाम्या, आणि 'इज नल'ची अट निम्म्याच पकडते. नोंद आत घेतानाच नलइफ लावून रिकाम्याचं नल करून टाका.

नलच्या जागी दुसरी किंमत देणाऱ्या ऑरॅकलच्या एनव्हीएलचं पोस्टग्रेसमध्ये कोअलेस सगळेच करतात, त्यात काय विशेष नाही.

भागाकार मात्र पोटात ठेवून मारतो. 2500 किलो गूळ, 84 रवे (गुळाच्या ढेपा). ऑरॅकलमध्ये सरासरी 29.76 यायची. आम्ही दोन्ही कॉलम नंबरचे इंटिजर (फक्त पूर्णांक) केले, पोस्टग्रेसनं सरळ 29 दिलं. तक्रार कुणाची नाही, कारण 29 हा आकडा दिसायला बरोबरच वाटतो. भागाकारात एका बाजूला न्यूमेरिक (दशांश ठेवणारा प्रकार) करून घ्या.

ऑरॅकलच्या डेट कॉलममध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. कॉलमचा प्रकार हातानं बदलताना टाइमस्टँप (तारीख आणि वेळ) करा, नाहीतर सौद्यांचा क्रम गेलाच.

पहिल्या ठरावीक ओळीच घ्यायला ऑरॅकलमध्ये रोनम असतं, पोस्टग्रेसमध्ये लिमिट; पण रोनमच्या जागी डोळे झाकून लिमिट नको. एकाच क्वेरीत दहा ओळींचं रोनम आणि ऑर्डर बाय (क्रम लावणं) असेल तर ऑरॅकल आधी दहा ओळी उचलतं, मग क्रम लावतं; लिमिट क्रम लावून मग दहा घेतं. उत्तरं वेगळी येतील, आणि बऱ्याचदा जुनाच रिपोर्ट चुकीचा होता असं निघतं. ते मालकाला सांगायचं कसं, हा वेगळा विषय!

आता आम्ही एका दिवसाच्या सगळ्या पट्ट्या दोन्हीकडं काढून ओळीला ओळ लावून बघतो. फरक शून्य झाल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करत नाही.