इसेच्या देवस्थानाला जाताय? या चुका टाळा

जपानमधलं इसे जिंगू हे शिंतो धर्मातलं सर्वांत मानाचं देवस्थान. तरी तिथून आलेली आपली माणसं पुष्कळदा म्हणतात, "एवढं लांब गेलो, पण दर्शन काही झालं नाही." होणारच नसतं. गाभाऱ्याभोवती एकाआड एक कुंपणं आहेत. आपण दारापर्यंत जायचं, समोर पांढरा पडदा. मूर्ती शोधू नका. दोनदा कमरेत वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. पायऱ्यांच्या वर फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल खालीच खिशात ठेवा. आणि इथे नवस बोलू नका. मुख्य देवळात आभार मानायचे, मागणं मागायचं ते आवारातल्या अरामात्सुरि-नो-मिया या दुसऱ्या देवळात, अशी रीत सांगतात.

इसेत मुख्य देवळं दोन, नाइकू आणि गेकू. दुसरी चूक थेट नाइकू गाठण्याची. नाइकू सूर्यदेवी अमातेरासूचं. तिच्या नैवेद्याची काळजी वाहणाऱ्या तोयोउकेचं देऊळ म्हणजे गेकू. रोज दोन वेळा नैवेद्य तिथेच दाखवतात. म्हणून आधी गेकू, मग बसने नाइकू. गेकूत डावीकडून चालायचं, नाइकूत उजवीकडून.

नागोयाहून जेआर पासवर (जपान रेल्वेच्या पर्यटक पासवर) निघालात तर मधला थोडा मार्ग इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीचा आहे, तिथलं भाडं वेगळं भरावं लागतं. किन्तेत्सु या खासगी रेल्वेला तर पास चालतच नाही.

हौदावरचं पाणी तीर्थ समजून पिऊ नका. लांब दांड्याच्या पळीने आधी डावा हात धुवा, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा, ती हौदाबाहेर टाका. पळीला तोंड लावायचं नाही. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी ओघळून दांडाही धुतला जातो.

सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळीच. "हे तर नवंच दिसतंय," म्हणून लोक हिरमुसतात. 690 सालापासून, मधला युद्धांचा काळ सोडला तर, साधारण दर 20 वर्षांनी ही देवळं शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात, सुतारकामाच्या त्याच जुन्या पद्धतीने. मागची खेप 2013 ची. उतरवलेलं हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, लाकूड वाया जात नाही. नाइकूत नेणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या तोरी कमानी आहेत, त्यांचे खांब जुन्या देवळांचेच. जाता-येता त्यांच्यापाशी जरा थांबा. गेकूत देवळालगतचा मोकळा चौकही चुकवू नका. नुसते गोटे पसरलेले, मध्ये एक इवलंसं लाकडी खोपटं. 2033 साली देऊळ तिथे उभं राहायचं आहे.